दिवा घालवायचा नाय

माझ्या सासूबाई विसरभोळ्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण मागचं अख्खं वर्ष आमच्या घरात सगळे तसंच धरून चालले होते आणि त्या धरून चालण्यापायी त्यांच्या महालक्ष्म्या घरातून जायची वेळ आली होती.

सासूला मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तीच रीत आहे. त्यांचं माहेर दौलताबादकडचं, सीताफळाच्या बागेतलं. पंचाहत्तरी ओलांडली तरी सुईत दोरा स्वतः ओवतात आणि दुसऱ्यानं ओवून दिला तर त्यांना राग येतो. घर आमचं मुकुंदवाडीत, रेल्वेची शिट्टी ऐकू येईल इतक्यावर. घरात आत्याबाई, मी आणि माझा नवरा. धाकटा दीर पुण्याला असतो. मी चितेगावला एका कंपनीत कामाला आहे. तिथं कारखान्यांना लागणारे विजेचे मोठे पॅनल बनतात, एकेक कपाटाएवढा, आणि ते बाहेर पडायच्या आधी तपासायचं काम माझ्याकडं. खरं सांगायचं तर माझं काम ओरडायचं. ‘आधी बंद करा, मग हात घाला.’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हणते की माझ्या माघारी पोरं मला त्याच नावानं ओळखतात. ओळखू द्या. आजवर माझ्या विभागात कुणाला चटका बसलेला नाही.

चटका बसला तो माझ्याच घरात. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतात ते काय उगंच नाय.

आमच्याकडं भादव्यात उभ्या महालक्ष्म्या असतात. दोघी बहिणी, पितळी मुखवटे, गव्हानं भरलेल्या कोथळ्या, त्यावर नऊवारी साड्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. पूर्वी पुढं तेलाची समई असायची. एका वर्षी पंख्याच्या वाऱ्यानं धाकटीचा पदर समईवर आला आणि भडका उडाला. सासरे तेव्हा होते. त्यांनी घोंगडं टाकून विझवलं आणि दुसऱ्याच दिवशी गुलमंडीच्या बाजारातून विजेची समई आणली: पाच ज्योती, पाच बारके बल्ब. आगीचं भ्या गेलं. मला ती समई पहिल्यापासून आवडली नव्हती. बल्बची बैठक इतकी उथळ, की बल्ब काढला की आतलं जिवंत पितळ बोटाला लागावं. पण सासऱ्यांनी आणलेली वस्तू, बोलायचं कसं?

मागच्या वर्षी, महानैवेद्याच्या दिवशी, त्यातला एक बल्ब गेला. मी पुरणाच्या घोळात होते. आत्याबाईंनी हात धुतले, पदराला पुसल्यासारखे केले, आणि चालू समईतला बल्ब फिरवून काढला. नवीन बसवताना बोट आत गेलं. भांडं पडल्यासारखा आवाज आला म्हणून मी धावले, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे, हात कोपरापर्यंत गार. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली, सगळं ठीक निघालं. पण त्या दिवशी नैवेद्य माझ्या हातानं दाखवला गेला आणि आत्याबाई दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर मला विचारत होत्या, “आंबील दाखवलीस का?”

बटण हातभर अंतरावर होतं. ते बंद का केलं नाही? दोन्ही लेकांनी उत्तर काढलं, माय आता विसरायली. वय झालं. दीर मायाळू माणूस आहे, त्यानं आईचा हात हातात धरूनच सांगितलं, “माय, तुझ्याच्यानं आता होत नाही गं. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या आमच्याकडं पुण्याला नेतो. तू नुसती येऊन बस.” नवऱ्यानं मान हलवली.

महालक्ष्म्या उठल्यावर मुखवटे चिंचेनं घासून पेटीत ठेवायचे असतात. ते त्यांनी घासले, ठेवले, आणि पुन्हा बाहेर काढून मांडीवर घेऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, “पुण्याला त्यांला घर सापडंल का गं? इथली पावलं त्यांच्या वळखीची हायेत.”

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो त्या दिवशी कुणावर काढावा तेच कळेना. मी चहा ठेवला आणि म्हणाले, “आत्याबाई, महालक्ष्म्या कुठं जात नाहीत. समई बदलायची, बस्स. मी करते समई. हात घातला तरी काही होणार नाही अशी.” नवऱ्याला आणि दिराला तेच सांगितलं. दीर म्हणाला, “वहिनी, प्रश्न समईचा नाहीये.” मी म्हटलं, “भाऊजी, मग कशाचा आहे ते समई झाल्यावर बघू. माझ्या समईत मायला काही अडचण आली, तर मी स्वतः मुखवटे पुण्याला आणून देते.” शब्द देऊन बसले. आता गप्प बसून भागणार नव्हतं.

घरात आधी विजेची गळती झाली की आपोआप पडणारं ब्रेकर बसवून घेतलं. ते आधीच हवं होतं. मग समईला लागले. पहिली केली ती बारा व्होल्टची. मोटारीच्या बॅटरीला असतो तेवढाच दाब, बोट लावलं तरी मुंगीसुद्धा चावत नाही. मी खूश. पण बारा व्होल्टचे बल्ब वेगळे मागवावे लागत, दिसायला मात्र नेहमीच्यासारखेच. आमच्या ह्यांनी त्यातला एक उचलून न्हाणीघरात लावला. तो फाटकन फुटला आणि काचा बादलीत. “बल्ब तर बल्ब असतो,” हे वर मलाच. मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. आत्याबाई शांतपणे काचा वेचत म्हणाल्या, “जो बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळंल तोच लागंल असं कर. ऐन सणाला मी कुठं धुंडत फिरू?” बरोबर होतं. जो जिन्नस घरात दुसरीकडं चुकून लागू शकतो, तो लागणारच.

दुसरी समई मी माझ्या कामाच्या रीतीनं केली. मागं झाकण, झाकणाच्या आत एक खटका. झाकण लागलं की खटका दाबला जातो, वीज सुरू. झाकण उघडलं की खटका सुटतो आणि अख्खी समई बंद. विसरायची सोयच नाही. असे खटके आमच्या पॅनलच्या दारांना असतातच. आत्याबाईंना दाखवलं, त्यांनी दोनदा उघडझाप करून बघितली, “बरं” म्हणाल्या. बरं ह्या शब्दाचे त्यांच्याकडं पुष्कळ अर्थ आहेत. मी त्यातला मला सोयीचा घेतला.

आषाढ होता. मी कामावरून आले तर देवघराशी समई मांडलेली, झाकण उघडं, पाचही ज्योती लखलख चालू, आणि आत्याबाईंचा हात आत. धावत जाऊन मी पिन उपसली. समई विझली. त्यांनी मागं वळून असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मी त्यांचं ताटच ओढून घेतलं.

“घालवलास व्हय दिवा?”

“आत्याबाई, तुम्ही हात घालून बसल्या होत्या त्यात. आणि ही चालू राहिलीच कशी?”

मी वाकून बघितलं. खटक्याच्या फटीत एक सुपारी घट्ट बसवलेली होती. पूजेतली, हळद लागलेली. खटका दाबलेला राहावा म्हणून. ती निसटू नये म्हणून वरून सुताचा दोरा गुंडाळलेला. कारखान्यात खटके असे दाबून ठेवून बायपास करणारे कितीतरी पकडलेत मी, पण इतकं नीटनेटकं काम कुणाचं बघितलं नव्हतं.

मी खालीच बसले. “हे का केलं?”

“मग काय करू? तुझं झाकण उघडलं का दिवा जातो. महालक्ष्म्या बसल्यावर दिवा घालवत असतात काय? त्या उठेस्तवर दिवा हालवायचा नाय, घालवायचा नाय. म्हणून सराव करायले. दिवा तसाच ठिवून बल्ब कसा बदलायचा त्याचा.”

“अहो, ही लाईट आहे. दिवा थोडाच आहे.”

“त्यांच्या पुढं ठिवलं म्हंजे दिवाच.”

“आणि वरूनच लाईट गेली तर? दर भादव्यात जाते.”

“ती गेली तर गेली. जाणं येगळं, घालवणं येगळं. आपल्या हातानं घालवायचा नाय.”

मला एकदम मागचा भादवा दिसला. हातभर अंतरावरचं बटण. “म्हणजे तेव्हासुद्धा तुम्ही बटण बंद करायला विसरला नव्हता.”

“विसरंल कशी? बटण दिसत व्हतं ना मला. मुद्दामच नाय केलं.”

“मग सांगितलं का नाही कुणाला? हे सगळे तुम्हाला विसरभोळी म्हणत बसले.”

त्या सुपारीवरची हळद पदरानं पुसत म्हणाल्या, “सांगितलं असतं तर येडी म्हणले असते. इसरभोळी बरी का येडी बरी?”

मी हसले आणि मला रडूही आलं, दोन्ही बरोबरच. त्यांनी मला पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, “आता राहू दे ते. जाऊ दे पुण्याला.” तो एक शब्द मात्र मला सहन झाला नाही. माझी समई वाया गेली तरी चालेल, पण ज्या बाईनं जिवावर बेतलं तरी आपला नेम मोडला नाही, तिच्याच घरातून महालक्ष्म्या हलवायच्या? नाय होणार.

आता माझ्यापुढं दोन नियम होते. माझा: जिवंत विजेत हात घालायचा नाही. त्यांचा: दिवा घालवायचा नाही. दोन्हीतला एकही मोडायचा नाही. इतकी वर्षं मी लोकांना ‘आधी बंद करा’ शिकवत आले, आणि इथं बंद करणंच बंद.

उत्तर कामावरच समोर उभं होतं, फक्त मी त्याच्याकडं ह्या नजरेनं बघितलं नव्हतं. आमच्या मोठ्या पॅनलमध्ये ड्रॉवर असतात. एका यंत्राची दुरुस्ती करायची म्हणून अख्खा कारखाना बंद ठेवता येत नाही. मग त्या यंत्राचा तेवढा ड्रॉवर बाहेर ओढायचा. तो बाहेर आला की मागच्या जिवंत पट्ट्यांवर आपोआप पडदा पडतो, बाकीचा पॅनल चालू राहतो, आणि दुरुस्ती होते ती बाहेर टेबलावर, निर्जीव ड्रॉवरमध्ये. रोज डोळ्यांसमोर आणि माझं लक्ष त्या झाकणाच्या खटक्यात.

तर तिसरी समई. पाच ज्योतींना पाच वेगळ्या कुप्या. कुपीत बल्ब. बल्ब गेला की कुपी सरळ बाहेर ओढायची. ती निघाली की समईतल्या भोकावर आतून पडदा बसतो. बाकीच्या चार ज्योती चालूच. बल्ब बदलायचा तो कुपी हातात घेऊन, खिडकीपाशी, उजेडात, कुठंही. मग कुपी परत खोचायची. आत्याबाईंनी लाकडाचा नमुना हातात घेऊन फिरवला आणि म्हणाल्या, “हा तर करंडा झाला कुंकवाचा.” तेव्हापासून त्याचं नाव करंडा. कंपनीत साहेबांकडं चाचणीची परवानगी मागताना मी कागदावरही तेच लिहिलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बल्बची भानगड होतीच. दुकानदाराकडं कधी आट्याचे, म्हणजे फिरवून बसवायचे बल्ब असतात, कधी पिनेचे. ऐन सणाला जे असेल ते देतो. म्हणून करंडे दोन जातींचे केले, आतून आट्याचे आणि आतून पिनेचे, पण बाहेरून दोन्ही अगदी सारखे. समईच्या कुठल्याही घरात कुठलाही करंडा बसतो. पिवळा बल्ब लावा, पांढरा लावा, लाल लावा. आणि करंड्याला एका बाजूनं खाच दिली, म्हणजे उलटा घालायचा म्हटलं तरी जाणार नाही.

मग भांडण झालं पितळेवरून. मला सगळं प्लास्टिकचं हवं होतं. “प्लास्टिकच्या दिव्याला हात कोण जोडतंय?” असं म्हणून आत्याबाई उठून गेल्या. दोन दिवस माझ्याशी भाजीपुरतं बोलणं. शेवटी बुड आणि वरचा मोर पितळेचा, त्याला अर्थिंगची तार नीट जोडलेली, आणि जिथं जिथं हात लागतो तिथं सागवान. त्यांनी मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. बोलणं सुरू झालं.

चाचणीला आमच्याकडं एक लोखंडी बोट असतं, माणसासारखे सांधे असलेलं. यंत्राच्या फटीत ते घालून बघायचं, जिवंत भागाला लागतं का. माझी समई त्या बोटाला पुरून उरली. पाणी शिंपडून झालं, विजेचा दाब वाढवून झाला. घरी आणली आणि आत्याबाईंना म्हटलं, करा काय करायचं ते. त्यांनी करंडा ओढला, करंगळी घालून बघितली, जात नाही म्हटल्यावर शांतपणे अंबाड्यातला आकडा काढला. “अडकलेलं समदं मी आकड्यानंच काढते.” मी समईची पिन आधीच काढून ठेवली होती म्हणून बरं. आकडा गेला. सरळ आत. लोखंडी बोटाला आकड्याची अक्कल नसते. मी समई उचलून पुन्हा चितेगावला नेली आणि पडदा दुहेरी केला, करंड्याच्या दोन टोकांसाठी दोन फटी, आणि दोन्ही एकदम दाबल्या तरच उघडणारा. मग आकडाही थांबला. मी स्वतः माझ्या अंबाड्यातला घेऊन खात्री केली.

भादवा आला. दीर आणि जाऊबाई आदल्या दिवशीच आले. दिराच्या हातात एक नवी कोरी पेटी होती, आत मऊ फोम, मुखवट्यांच्या मापाचे दोन खळगे कापलेले. “वहिनी, रागावू नका. ठरलं होतं म्हणून आणली.” मी रागावले नाही. पेटी ओसरीत ठेवली, सगळ्यांना जाता-येता दिसेल अशी. आत्याबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि पावलं काढायला बसल्या.

महानैवेद्याच्या दिवशी आरती सुरू होती आणि तिसरी ज्योत फडफडली. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, देवाशपथ. फडफडली आणि गेली. आरती एका सुरात अडखळली. माझा नवरा सवयीनं मेन बोर्डाकडं निघाला. “बसा खाली,” मी म्हणाले. दीर पुढं झाला, “माय, तू नको, मी बघतो.” आत्याबाईंनी त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाल्या, “तू आरती म्हण.”

त्यांच्या बोटांना हळदीकुंकू होतं, ओलं. मी पदराचा काठ मुठीत धरून उभी होते. समईवर माझा विश्वास होता, चाचण्या मीच केल्या होत्या, तरी काळजाचं काय करणार? त्यांनी करंडा ओढला. टक. चार ज्योती जशाच्या तशा. करंडा घेऊन त्या सावकाश खिडकीपाशी गेल्या, बल्ब काढला, कोनाड्यातला नवा हातात घेऊन बघितला. तो पिनेचा निघाला, दुकानात आट्याचे संपले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी कनवटीला लावलेला पिनेचा करंडा काढलाही होता. कधी घेऊन ठेवला होता कुणास ठाऊक. बल्ब त्यात बसवला, परत आल्या, खाच बघून करंडा खोचला. तिसरी ज्योत पुन्हा लागली. आरती तोवर संपत आली होती. दीर शेवटची ओळ म्हणता म्हणता थांबून आईच्या हातांकडं बघत होता.

जेवताना मी त्याला सुपारीची गोष्ट सांगितली. आत्याबाई समोरच होत्या, त्यांनी अडवलं नाही. तो हसला नाही. “म्हणजे तू विसरली नव्हतीस,” एवढंच म्हणाला. “नाय,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. माझा नवरा वाटीतल्या आंबिलीकडं बघत बसला.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची बोळवण झाली. अक्षता पडल्या, मुखवटे हलवले. त्यानंतरच आत्याबाईंनी मला खूण केली, “आता घालव.” मी समईचं बटण दाबलं. महालक्ष्म्या बसल्यापासून ते पहिल्यांदाच दाबलं गेलं.

दीर निघायला लागला तेव्हा त्याची ती पेटी ओसरीत दिसेना. बघते तर आत्याबाई स्वयंपाकघरात तिच्यापुढं बसलेल्या. दोन्ही खळग्यांत फुलोऱ्याच्या करंज्या, मधल्या जागेत अनारसे, वर पापड्या. झाकण लावून त्यांनी पेटी लेकाच्या हातात दिली. “लई चांगली हाय पेटी. एक बी करंजी मोडायची नाय.”

त्यानं पेटी छातीशी धरली. वाकून पाया पडला. रिक्षा उभी होती. जाता जाता त्यानं विचारलं, “माय, पुढच्या वर्षी येताना काय आणू?”

“हीच पेटी आण,” आत्याबाई म्हणाल्या. “रिकामी.”